भिंतीपलीकडचं तापमान

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. बरं, हसा, पण आधी हातातला चहा संपवा. मागे हाच किस्सा मी माझ्या मेव्हण्याला सांगितला, तर त्याच्या नाकातून चहा आला आणि बायकोनं दोष मला दिला.

मी विलास, विज्ञानाचा मास्तर. तळेगाव ढमढेरेच्या अलीकडे, तिन्ही बाजूंनी ऊस आणि एका बाजूला रस्ता, अशी आमची शाळा, पाचवी ते दहावी. शिकवतो बरा, असं पोरंच म्हणतात. पण माझ्यात एक खोड आहे. मला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. कुणी काहीही विचारलं की आतून उत्तर आपोआप येतं, अगदी नळ सोडल्यासारखं. खरं असो, नसो. मास्तरकीत हे इतकी वर्षं खपून गेलं. त्या दिवशी मात्र खपलं नाही.

झालं काय, रांजणगावच्या एका कंपनीनं शाळांना मदत करायची म्हणून आम्हाला सेन्सरचं किट दिलं, एक महिन्यापुरतं. लॅपटॉप, त्यातलं सॉफ्टवेअर, आम्लता मोजायचा एक सेन्सर आणि तापमानाचे दोन. तापमानाचा सेन्सर म्हणजे वीतभर स्टीलची काडी, मागं पांढरी मूठ, मुठीत बॅटरी. बटण दाबायचं आणि काडी बुडवायची. वायर नाही, काही नाही. आकडा हवेतून थेट लॅपटॉपवर! आणि नुसता आकडा नाही, त्याचा आलेखही आपोआप. पेन्सिल नको, पट्टी नको.

तुम्हाला यात काय विशेष वाटणार? पण आमच्या प्रयोगशाळेत त्याआधी एकच तापमापी होता, तोही आकडे पुसलेला. चाळीस पोरांत तो फिरायचा. पुढच्या बाकाला प्रयोग दिसायचा, मागच्या बाकाला तो नुसता कानावर यायचा. सेन्सरचा पहिला आलेख मी मोठ्या पडद्यावर लावला, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघत होती. त्यातल्या दोघांना तर वर्गात उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच शिक्षेशिवाय पाहिलं. मला ते किट हवं होतं. शाळेसाठी हवं होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं माझ्यासाठीही.

कारण महिना संपला की कंपनीचे देसाईसाहेब बघायला येणार होते. वापर नीट होतोय असं दिसलं तर किट कायमचं आमचं. नाही दिसलं तर ते यादीतल्या पुढच्या शाळेला. आणि पुढची शाळा कुठली? दौंड तालुक्यातली, केडगावजवळची. तिथं विज्ञान कोण शिकवतं? माझे साडू, बाळासाहेब.

साडू हे नातं ज्याला आहे त्यालाच कळतं. सख्ख्या भावाशी माणूस बांधावरून भांडतो, साडूशी भांडायला बांधही लागत नाही. त्यांनी फ्रीज घेतला की आमच्या घरी चर्चा होते, आम्ही गच्चीवर पत्रा टाकला की त्यांच्या घरी. एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या मी त्यांना सांगून बसलो होतो की बाळासाहेब, किटची वाट बघू नका, ते आमच्याकडनं हलत नाही. त्यांनी नुसतं 'बघू' म्हटलं आणि जिलबी वाढून घेतली.

आता थोडं खिचडीबद्दल सांगावं लागेल. सांगतो म्हणजे काय, तोच तर मुद्दा आहे.

आमच्याकडे विज्ञानाच्या मास्तराकडे सगळंच येतं. बेल बिघडली, विज्ञान. पाण्याची मोटार चालेना, विज्ञान. तशी खिचडीही माझ्याकडे आली. पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं ती चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम असतो. तो शिक्षक मी. खिचडी करतात मंदामावशी. अकरा वर्षं झाली त्यांना. त्यांची पत्र्याची शेड प्रयोगशाळेच्या अगदी पाठीला, मध्ये एकच भिंत. मी बाष्पीभवन शिकवत असलो की पलीकडून फोडणीचा वास येतो आणि माझ्या शिकवण्याचं जे व्हायचं ते होतं.

देसाईसाहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मी फार खुशीत होतो. खुशीत असलो की मला कुणाला तरी काहीतरी शिकवावंसं वाटतं. पोरं घरी गेली होती. मावशी पातेलं घासत होत्या. मी दोन नंबरची काडी घेऊन शेडमध्ये गेलो.

सांगितलं, "मावशी, ही काडी खिचडीत ठेवली की खिचडीचं तापमान मला तिकडं लॅपटॉपवर दिसतं. भिंतीच्या पलीकडून."

मावशींनी काडी उलटसुलट करून पाहिली. "आन् मला?"

"तुम्हाला कशाला? मी सांगेन ना. पातेल्याच्या मधोमध नव्वदला गेली की मी निरोप धाडतो. मग गॅस बारीक करायचा."

"म्हंजी शिजवायची मी, आन् शिजली का न्हाई ते तुम्ही सांगणार."

"विज्ञान आहे मावशी ते."

मावशींनी बटण कसं दाबायचं ते विचारून घेतलं, काडी पदराला पुसली आणि मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली. मीही शिट्टी वाजवत घरी आलो. दुसऱ्या दिवशीच्या गडबडीत ही गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली. तुम्हाला आत्ताच सगळं कळलंय, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. पण तुम्ही चहा पीत बसला आहात. मी हार-गुच्छ आणायला सकाळी तळेगावला जाऊन आलो होतो.

अकराच्या सुमाराला देसाईसाहेब आले. बरोबर आमच्या मुख्याध्यापिका इनामदारबाई. बाई फार कमी बोलतात. त्यांच्या हातात कायम एक छोटी वही असते, आणि आपण काही बोललो की त्या ते लिहून घेतात. का, ते अजून कुणाला विचारायचा धीर झालेला नाही.

दहावीचा वर्ग प्रयोगशाळेत बसलेला, पडदा लावलेला. प्रयोग मी सोपा निवडला होता. चंचुपात्रात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं आणि त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब घालायचं. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भेटले की थोडी उष्णता बाहेर पडते. तापमान पाच-सहा अंशांनी वाढतं, फार नाही. माणसाच्या अंगात कणकण येते तेवढंच.

मी एक नंबरच्या काडीचं बटण दाबलं, काडी चंचुपात्रात सोडली. सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरची नावं येतात, इंग्रजी अक्षरांची लांबलचक, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. त्या दिवशी यादीत दोन नावं दिसत होती. मी वरच्यावर बोट ठेवलं. पडद्यावर आकडा आला, एकेचाळीस.

अजून एकही थेंब घातला नव्हता. सुरुवात अठ्ठावीसला व्हायला हवी होती. दुसरा कुणी असता तर थांबला असता. माझ्या तोंडून उत्तर बाहेर पडलं की यंदा ऊनच तसं आहे. देसाईसाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि मान डोलावली. पहिल्या बाकावरची श्रावणी म्हणाली की सर, मुठीवर लाल दिवा लागलाय, काल हिरवा होता. मी तिला सांगितलं, आतमध्ये उष्णता आहे ना, म्हणून लाल.

मी थेंब घालायला लागलो. आणि काय सांगू, बोलाफुलाला गाठ पडली! मी थेंब टाकला की आकडा वर. चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. त्रेपन्न. आलेख असा चढत होता की पोरांनी टाळ्या वाजवल्या. देसाईसाहेब म्हणाले, "वा, छान प्रतिसाद आहे." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मोठ्या आवाजात शिकवायला लागलो.

मधूनच आलेख जरा खाली यायचा आणि पुन्हा वर जायचा. मी सांगितलं की आयनांना जोडीदार शोधायला वेळ लागतो, तेवढी उसंत ती. एकदा तर तो धाडकन बारा अंशांनी पडला. तेव्हाही माझ्याकडे उत्तर होतं. काही रासायनिक क्रिया मागं वळून बघतात, असं मी म्हणालो. होय, असंच म्हणालो. इनामदारबाईंनी वहीत लिहून घेतलं. मावशींनी त्या क्षणी धुतलेले तांदूळ आधणात सोडले होते, हे मला पुढं कळलं.

मग माझ्या बाटलीतलं सोड्याचं पाणी संपलं. मी हात थांबवला. आकडा थांबेना.

एकसष्ट. पासष्ट. मी बाटली लांब ठेवली, जणू तिनंच काही केलं असावं. अडुसष्ट.  देसाईसाहेबांनी हळूच विचारलं, "सर, आम्ल किती तीव्र घेतलंय?"

इथं माझ्या तोंडचं पाणी पळालं. फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. एक सौम्य आम्लाची, एक तीव्र. सकाळी हार एका हातात आणि गुच्छ काखेत, अशा अवस्थेत मी त्यातली एक काढली होती. कुठली, ते आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर माहीत नव्हतं. तरीही तोंड म्हणालं, "योग्य तेवढं."

श्रावणीनं चंचुपात्राच्या बाजूला बोट टेकवलं. "सर, पण काच कोमटच लागतीय."

"हात काढ. तुझ्या बोटापेक्षा मशीनला जास्त कळतं."

हे वाक्य मी अजून अंथरुणात आठवून कूस बदलतो.

बहात्तर झाले आणि माझी पाचावर धारण बसली. सगळ्यांना बाहेर काढलं. लॅपटॉप मात्र बरोबर घेतला, कारण आकडा बघायला हवा. दारात शिपाई दशरथमामा उभे होते. त्यांना ओरडून सांगितलं, मामा, लांब बेल द्या, सगळी शाळा बाहेर आली पाहिजे.

मामांनी बेल दिली. लांब, जोरदार, मनापासून. आता आमच्या शाळेत लांब बेलचा अर्थ शाळा सुरू झाल्यापासून एकच आहे. शाळा सुटली! पाचवी ते नववीच्या पोरांनी दप्तरं पाठीवर टाकली आणि मी मैदानावर पोचायच्या आत निम्मी शाळा फाटकाबाहेर गेली. एरवी दोन ओळी लिहायला ज्यांना तास लागतो, त्यांनी त्या दिवशी वेळेचं सोनं केलं.

त्यात तो तळेगावच्या आठवडे बाजाराचा दिवस. पोरं चालत, सायकलवर, जीपला लटकून निघाली आणि जाताना बातमी घेऊन गेली. फाटकापाशी बातमी होती की सरांचं केमिकल तापलं. ओढ्यापाशी भडका झाला. बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीत पोचेस्तोवर प्रयोगशाळा उडाली होती, आणि मटकी-वाटाण्याच्या कोपऱ्यात तर विलास सर गेले होते. तिथं एकानं म्हणे 'माणूस तसा चांगला होता' असंही म्हटलं. 'तसा' कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

इकडे मी जिवंत, मैदानातल्या लिंबाखाली, छातीशी लॅपटॉप. शेजारी देसाईसाहेब, बाई आणि दहावीचा वर्ग. आकडा एकोणऐंशी. शेड मैदानाला लागूनच आहे. मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सर, बेल कशी काय झाली? खिचडी व्हायचीय अजून."

"मावशी, आधी गॅस बंद करा. प्रयोगशाळेत तापमान वाढतंय. भडका होईल."

मावशी बिचाऱ्या पळत गेल्या आणि गॅस बंद करून आल्या. दोनेक मिनिटांत आलेख सपाट झाला. शहाऐंशी, शहाऐंशी, पंच्याऐंशी. माझ्या जिवात जीव आला. मी देसाईसाहेबांना समजावलं की आसपासची उष्णता कमी केली की आतली क्रियाही शांत होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते इंजिनिअर आहेत, हे मी विसरलोच होतो.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दौंडहून बाळासाहेब.

"विलासराव, आहात ना?"

"आहे की."

"देवाची कृपा. इथं तळेगावच्या बाजारातनं फोन आला की शाळा उडाली." आणि लगेच विचारलं, "किट वाचलं का?"

मी फोन कट केला. खाली बघतो तर आकडा पुन्हा वर. सत्त्याऐंशी, एकोणनव्वद. मावशी मला न विचारता आत गेल्या होत्या. अर्धी कच्ची खिचडी त्यांना बघवेना, त्यांनी गॅस पुन्हा लावला होता. मी सगळ्यांना आणखी दहा पावलं मागं सरकवलं. सगळे सरकले, देसाईसाहेब जागचे हलले नाहीत.

"द्या जरा," म्हणून त्यांनी लॅपटॉप माझ्या हातातून घेतला. शेडकडे बघून मावशींना गॅस बंद करायला सांगितलं. आलेख थांबला. लावायला सांगितलं. चढला. पुन्हा बंद, पुन्हा थांबला. पुन्हा लावायला सांगितल्यावर मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, खेळ चाललाय का? पोरांचं जेवण हाय ते."

देसाईसाहेब लॅपटॉप घेऊन शेडकडे चालायला लागले. त्यांच्या मागं बाई, बाईंच्या मागं दहावीचा वर्ग, आणि सगळ्यांच्या मागं मी. तोवर मलाही कळलं होतं. 

आत मोठ्या पातेल्यात खिचडी रटरटत होती. ढवळायच्या लांब डावाला सुतळीनं नीट बांधलेली, दोन नंबरची काडी. मूठ वर, टोक खिचडीत. मुठीवर हिरवा दिवा सुखानं लुकलुकत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझा तर गावाला वळसा घालून कळसा बाजारापर्यंत जाऊन आला होता.

मावशींनी मला बघितलं आणि त्यांचा बांध फुटला.

"सर, मी कवाची वाट बघतीय. नव्वद झालं की सांगतो म्हणला व्हता. झालं का न्हाई नव्वद?"

"झालं मावशी. त्र्याण्णव आहे."

"मग सांगायचं न्हाई व्हय? बुडाला लागली की."

 खरं तर सगळं मीच सांगितलं होतं. मावशींनी अक्षर न् अक्षर पाळलं होतं. भिंतीच्या अलीकडे बसून मी खिचडीचं तापमान बघणार होतो, आणि मी ते बघतच होतो, पडद्यावर, पाहुण्यांसमोर, टाळ्या घेत. फक्त निरोप धाडायचा राहिला.

देसाईसाहेबांनी विचारलं की काडी डावाला का बांधली. मावशींना वाटलं आता आपली नोकरी जाते. घाबरत घाबरत म्हणाल्या, "नुसती सोडली तर बुडाला टेकती. तिथं गरमच असतंय. सर मधोमध म्हणलं व्हतं, म्हणून बांधली. चुकलं का?"

"नाही," साहेब म्हणाले. त्यांनी मान हलवली ती जरा जास्त वेळ हलवली.

मग ते एकटेच प्रयोगशाळेत जाऊन आले. चंचुपात्रातली एक नंबरची काडी लॅपटॉपला जोडून त्यांनी बघितलं. तोवर निवून एकतीसवर आलं होतं. बाटलीही सौम्य आम्लाचीच निघाली. म्हणजे माझा प्रयोग बरोबर झाला होता. इतका बरोबर तो आजवर कधी झाला नव्हता. फक्त तो कुणी मोजला नाही.

एवढ्यात बाजारातून जीपा यायला लागल्या. पालक हातातल्या पिशव्यांसकट धावत आले. एका आप्पांच्या काखेत मेथीच्या जुड्या, एका काकूंच्या हातात मापता मापता तसाच उचलून आणलेला तराजू. मला चालताबोलता बघून दोघं-तिघं जरा हिरमुसले, असं मला उगीच वाटलं असेल. इनामदारबाई पुढं झाल्या. प्रयोग होता, एवढंच म्हणाल्या. मग पातेल्याकडे बघून त्यांनी सांगितलं की पोरं गेलीच आहेत, आता तुम्ही आलाच आहात तर जेवून जा. लिंबाखाली पंगत बसली. दहावीच्या पोरींनी वाढलं. ज्या खिचडीनं शाळा रिकामी केली तिनंच ती पुन्हा भरली. नियमाप्रमाणे आधी मी चाखली आणि चव नोंदवहीत शेरा लिहिला, 'चव उत्तम, किंचित करपट.' बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "करपट का, तेही लिहा." लिहिलं.

सगळे जेवत होते आणि मी प्रयोगशाळेत जाऊन किट खोक्यात भरायला लागलो. दोन नंबरच्या काडीला चिकटलेली डाळ नखानं काढली. खरं सांगतो, तेव्हा फार वाईट वाटलं. माझी फजिती तर रोजचीच. पण मागच्या बाकावरची पोरं पुन्हा त्या आकडे पुसलेल्या तापमापीवर जाणार होती. माझ्या जिभेच्या खाजेपायी त्यांच्या तोंडचा घास गेला, असं मनात येत राहिलं. लग्नाच्या पंगतीतली बाळासाहेबांची ती जिलबीही आठवली.

देसाईसाहेब दारात आले. खोकं का भरताय, असं त्यांनी विचारलं.

"दौंडला पाठवायचंय ना."

"कशाला?" ते समोरच्या बाकावर बसले. "सर, मी बऱ्याच शाळा फिरलो. सेन्सर सगळीकडे कपाटात बघितला. खिचडीत पहिल्यांदा बघितला. हे किट इथंच राहू द्या." त्यांनी खिचडीच्या आलेखाची एक प्रत मागून घेतली, कंपनीत दाखवायला म्हणून. तांदूळ टाकलेला खड्डा कुठला, ते मावशींकडून त्यावर लिहूनही घेतलं. माझ्या शिकवण्यातलं काही लिहून घ्यायला मात्र त्यांनी कागद मागितला नाही.

मी इतका हरखलो की खोकं उलटं धरलं. मग ते म्हणाले की दौंडच्या शाळेलाही आता एक संच देतोय, तेव्हा कसा वापरायचा ते दाखवायला तुमच्या शाळेतनं कुणीतरी तिकडं जायला हवं. मी लगेच कॉलर नीट केली. म्हटलं, येईन की साहेब, कधीही सांगा.

"तुम्ही याच," साहेब म्हणाले. "मावशी एकट्या कशा जातील एवढ्या लांब?"

पुढच्याच शनिवारी मावशी आणि मी मोटारसायकलवर निघालो. न्हावऱ्यावरून, भीमेच्या पुलावरून. मागच्या सीटवर मावशी, नव्या इस्त्रीच्या लुगड्यात, मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली काडी. खड्डा आला की 'सर, काडीला बेतानं' म्हणायच्या. माझ्या कमरेबद्दल चौकशी झाली नाही.

बाळासाहेबांच्या शाळेत हॉल भरलेला. मास्तर, बाया, आसपासच्या शाळांतल्या खिचडी करणाऱ्या मावश्या. मंदामावशी आधी बुजल्या, मग एकदा पातेल्यासमोर उभ्या राहिल्यावर अशा बोलल्या की मी थक्क झालो. यादीत दोन नावं दिसली तर काय करायचं, दिवा लाल असला तर काडी लॅपटॉपला जोडलेलीच नाही असं समजायचं, सगळं सांगितलं. कुणी अवघड काही विचारलं तर सरळ म्हणायच्या की हे मला ठावं न्हाई, साहेबास्नी विचारून सांगते. कुणी हसलं नाही. मी पातेलं उचललं, लॅपटॉप धरला, दोनदा पाणी आणलं.

शेवटी सत्कार. माइक बाळासाहेबांच्या हातात, म्हणजे बघा माझं नशीब. मावशींना शाल, श्रीफळ, टाळ्या. मग त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले की मावशींना इतक्या लांबून गाडीवर सुखरूप आणणाऱ्यांचाही आपण गुलाबाचं फूल देऊन सत्कार करू या. नाव घेतलं नाही. मी उठलो, फूल घेतलं. काय करणार?

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका नवीन होत्या, मला ओळखत नव्हत्या. त्यांनी सहज मावशींना विचारलं, "हे तुमचे ड्रायव्हर का?"

मावशींना ते फार लागलं. माझी बाजू घेऊन त्या झटकन पुढं झाल्या, नेमक्या माइकसमोर.

"न्हाई वो बाई, सर हायती ते आमचं," त्या म्हणाल्या, आणि मोठ्या मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "अजून शिकत्यात. पर येईल त्यास्नी."